बिनचिठ्ठीच्या बायनरी फायली

गेले दोन वीकएंड ब्लॉग बंद होता. बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून कारण सांगून टाकतो. दोन्ही शनिवार-रविवार ऑफिसात गेले आणि ते एका १४३ बाइटांच्या फाइलपायी. केबी नाही, एमबी नाही, बाइट. तुमचा साधा एसएमएससुद्धा साधारण तेवढाच असतो.

(आधीच सांगतो, आजचा लेख तक्रारीचा आहे. आवाज जरा चढलेला वाटला तर समजून घ्या.)

कामाचं स्वरूप ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तुम्ही दुकानात कार्ड स्वाइप केलंत की त्या मशीनमधून एक मेसेज निघतो, आयएसओ ८५८३ नावाच्या फॉरमॅटमधला. सुरुवातीला चार आकडे, मेसेज कोणत्या प्रकारचा ते सांगणारे. ०२०० म्हणजे "पैसे घ्यायचेत, चालेल का?" आणि ०२१० म्हणजे त्याचं उत्तर. त्यानंतर येतो बिटमॅप, आठ बाइट म्हणजे ६४ बिट. पुढे कोणकोणती फील्ड्स येणार आहेत त्याची ती हजेरीच समजा. दुसरा बिट लावलेला असेल तर कार्ड नंबर येणार, चौथा असेल तर रक्कम, असं. पहिला बिट मात्र खास आहे. तो लावलेला असला तर त्याचा अर्थ "थांबा, अजून एक आठ बाइटांचा बिटमॅप मागून येतोय".

आमच्या टेस्ट्सच्या फोल्डरमध्ये टेस्ट-०१७ डॉट बिन नावाची एक फाइल होती. तिच्यातला मेसेज पहिला बिट लावून सांगत होता की दुसरा बिटमॅप येणार, आणि प्रत्यक्षात दुसरा बिटमॅप नव्हताच, थेट कार्ड नंबर सुरू. आमच्या पार्सरनं हा मेसेज नाकारून "फॉरमॅट एरर", कोड ३०, द्यावा अशी अपेक्षा. मागे कधीतरी एका प्रकारची मशीनं खरोखरच असे मेसेज पाठवायला लागली होती, तेव्हा टीममधल्या एका जुन्या माणसानं रात्री जागून ही केस शोधली, पार्सरमध्ये तपासणी घातली आणि ही फाइल बनवून ठेवली. हे सगळं मला आत्ता कळलं, कारण तो माणूस आता सिअ‍ॅटलला असतो आणि मी त्याला त्याच्या पहाटे तीन वाजता उठवला.

यंदा पार्सर नव्यानं लिहिला. नव्या पार्सरमध्ये ती तपासणी राहून गेली, आणि १७ नंबरची टेस्ट फेल झाली. म्हणजे टेस्टनं तिचं काम चोख केलं! आता पुढचा अंक. टीममधल्या नव्या मुलीकडे ते काम गेलं. हुशार मुलगी आहे, मन लावून काम करते. तिनं फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडली, स्पेसिफिकेशन शेजारी ठेवलं, एकेक बाइट लावून पाहिला आणि तिच्या लक्षात आलं की बिटमॅपचा पहिला बाइट एफ२ आहे, तो खरं तर ७२ असायला हवा. तिनं तो ७२ केला, अपेक्षित उत्तर "मंजूर" केलं आणि टेस्ट हिरवी झाली. "सर, ती फाइल करप्ट होती, मी दुरुस्त केली," असं तिनं मला जाता जाता सांगितलंसुद्धा. मी म्हणालो, "गुड."

हो, मीच म्हणालो. रिव्ह्यूही मीच केला होता. रिव्ह्यूच्या पानावर काय दिसत होतं माहितेय? "बायनरी फाइल बदलली आहे." एवढंच. जुन्यात काय होतं, नव्यात काय आहे, काही नाही. मी अप्रूव्ह दाबलं आणि चहाला गेलो.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. तसली जुनी मशीनं काही दुकानांत अजून होती. रिलीज गेलं, त्यांचे मेसेज आले, आमच्या शहाण्या पार्सरनं कार्ड नंबरचे पहिले काही आकडे दुसरा बिटमॅप समजून गिळले, पुढची सगळी फील्ड्स आठ बाइट सरकली, आणि शनिवारी संध्याकाळी, ऐन गर्दीच्या वेळी, माणसं काउंटरवर पिशव्या भरून उभी आणि मशीन नुसतं फिरतंय. रात्री आम्ही जुनी आवृत्ती परत चढवली. उरलेले दिवस कुणाचे पैसे कुठे अडकलेत ते निस्तरण्यात गेले.

त्या मुलीला नंतर मीटिंगमध्ये जे ऐकून घ्यावं लागलं ते मला अजिबात पटलेलं नाही. तिची चूक काय? फाइल चुकीची होतीच की! चुकीची असणं हेच त्या फाइलचं काम होतं, आणि हे त्या फाइलवर कुठेही लिहिलेलं नव्हतं. आपण सोर्स कोडमध्ये दोन ओळींच्या फंक्शनवर पाच ओळींची कॉमेंट नसली तर रिव्ह्यूत तोंड वाकडं करतो. आणि ज्या फाइलमधला एकेक बिट मुद्दाम, विचारपूर्वक बिघडवलेला आहे, ती मात्र बिनचिठ्ठीची टाकून मोकळे होतो. आजीच्या फडताळात कसे एकसारखे डबे असायचे? कशात मीठ, कशात पापडखार, कशात पिठीसाखर, ते फक्त आजीला ठाऊक. आजी आहे तोवर चालतं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, आणि त्यावर वाद घालायला मी तयार आहे: हाताने बनवलेला बायनरी टेस्ट डेटा रेपॉझिटरीत बायनरी म्हणून टाकूच नये. तो टेक्स्ट म्हणून लिहावा, त्यात कॉमेंट्स असाव्यात, लेबलं असावीत, आणि टेस्ट चालताना त्यातून बाइट तयार व्हावेत. १७ नंबरची फाइल आता आमच्याकडे साधारण अशी दिसते:

# चाचणी १७. दुसरा बिटमॅप येणार असं सांगतो, पण पाठवत नाही.
# अपेक्षा: कोड ३०. फाइल मुद्दाम चुकीची आहे, दुरुस्त करू नये!
"०२००"
एफ२ ३८ ०० ०० ०० ८० ०० ००   # बरोबर असता तर ७२ ने सुरू झाला असता
# दुसरा बिटमॅप इथे हवा होता
लांबी(कार्ड)
कार्ड: "..."   # फील्ड २

यात आकाशातून काही पडलेलं नाही. कॉमेंटपुरतं म्हणाल तर एका ओळीत होतं. सेडनं # नंतरचं सगळं उडवायचं आणि उरलेलं हेक्स एक्सएक्सडीला उलट्या दिशेनं चालवून द्यायचं, बायनरी तयार. अवतरणातला मजकूर आणि लेबलं हवी असतील तर शंभरेक ओळींचं पायथन. एका दुपारचं काम. आम्ही ते इतकी वर्षं केलं नाही याची लाज वाटते, बाकी काही नाही.

कॉमेंट कशाला ते पटलं असेल. लेबलं कशाला, हे जरा सांगायला हवं, कारण खरी मजा तिथे आहे. बायनरी फॉरमॅटमध्ये निम्मे बाइट हे दुसऱ्या बाइटांबद्दल बोलत असतात. पुढे इतके बाइट आहेत, अमुक तक्ता इतक्याव्या बाइटपासून सुरू होतो, वगैरे. मध्ये एक बाइट घातलात की हे सगळे आकडे बोटं मोजत पुन्हा काढायचे. म्हणून कुणी जुनी टेस्ट फाइल बदलतच नाही, कॉपी करून थोडी खरवडतो आणि १७ ची १७-अ, १७-ब, १७-ब-नवीन होते. लेबल असलं की लांबी टूल काढतं. आणि यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे, तुम्हाला लांबी चुकीची *हवी* असेल तर तुम्ही लिहिता "लांबी(कार्ड) + १". हा "+ १" पाहिला की कुणालाही कळतं की हा बाइट चुकून चुकलेला नाही. नुसत्या हेक्समध्ये १६ च्या जागी १७ दिसलं तर ती चूक आहे की हेतू आहे, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

मी काही फार मोठा शोध लावला असा आव आणत नाही. एलएलव्हीएमच्या मंडळींकडे यामल-टू-ऑब्ज नावाचं टूल आहे. ऑब्जेक्ट फाइलचं वर्णन यामलमध्ये लिहायचं, टेस्ट चालताना त्यातून बायनरी बनते. उलटं करायलाही टूल आहे. सर्टिफिकेटांच्या डीईआर फॉरमॅटसाठी गूगलच्या लोकांनी डीईआर-आस्की लिहिलं. महिरपी कंसात मजकूर लिहिला की लांबी ते टूल भरतं, # देऊन कॉमेंट लिहिता येते, आणि मुद्दाम वाकडी लांबी हवी असेल तर कच्चे बाइट लिहायची मुभा आहे. शेवटची मुभा सगळ्यात महत्त्वाची! जे टूल फक्त बरोबर फायली बनवू देतं ते टेस्टिंगला निरुपयोगी.

आणि टोक बघायचं असेल तर हेक्स-झीरो बघा. कंपायलरवर विश्वास ठेवायचा नाही, सगळं अगदी मुळापासून बांधायचं, अशा ध्येयवेड्या लोकांचा हा उद्योग आहे. त्यांची भाषा म्हणजे नुसते हेक्स आकडे आणि कॉमेंट्स. पुढच्या पायऱ्यांवर, हेक्स-वन आणि हेक्स-टूमध्ये, लेबलं येतात. २०२३ मध्ये जीएनयू गिक्सनं जाहीर केलं की त्यांची आख्खी व्यवस्था अशा एका ३५७ बाइटांच्या प्रोग्रामपासून सुरू करून सोर्समधून बांधता येते. त्या प्रोग्रामच्या हेक्स-झीरो सोर्समध्ये कोणते बाइट म्हणजे कोणती सूचना, ते शेजारी लिहिलेलं आहे. त्यांना ३५७ बाइटांचा हिशेब देता येतो आणि आपल्याला १४३ बाइटांचा देता येत नाही. कमाल आहे.

आता विरोधकांचे मुद्दे. ऑफिसात हे सगळे मला ऐकवून झालेत.

"नाव नीट दिलं की पुरे." मान्य, काहीच नसण्यापेक्षा नाव बरं. पीएनजी-सूट नावाचा चित्रांचा जुना संच आहे, पीएनजी वाचणारे प्रोग्राम तपासायला वापरतात. त्यात फाइलच्या नावातलं प्रत्येक अक्षर बोलतं: कोणतं वैशिष्ट्य तपासायचं, इंटरलेस आहे की नाही, रंगाचा प्रकार, बिट किती. एक्सनं सुरू होणारं नाव म्हणजे फाइल मुद्दाम बिघडवलेली. सुंदर काम आहे. पण तो माणूस शिस्तीचा होता आणि त्याचा विषय नावात मावणारा होता. आपल्याकडे "फायनल-फायनल-२" अशी नावं देणारी जनता आहे, तिच्या भरवशावर मी पैसे सोडणार नाही.

"मग फॉरमॅटच्या आतच कॉमेंट टाका की." काही फॉरमॅटमध्ये तशी सोय आहे हे खरं. खगोलशास्त्रातला फिट्स घ्या, १९८१ सालचा. हेडरमध्ये ८० अक्षरांची एकेक ओळ, पंचकार्डांचा वारसा. किंमत लिहायची, तिरकी रेघ मारायची आणि पुढे माणसासाठी टिपण लिहायचं. वर कॉमेंट नावाची वेगळी ओळ हवी तितक्या वेळा. आपल्या नारायणगावजवळच्या जीएमआरटीचा डेटासुद्धा अभ्यासक फिट्समध्ये करून घेतात. त्या लोकांना चाळीस वर्षांपूर्वी कळलं होतं की डेटा आणि त्याची चिठ्ठी वेगळी झाली की डेटा मेला. नेटवर्कवाल्यांच्या पीकॅप-एनजीमध्येही पॅकेटला कॉमेंट जोडता येते, वायरशार्कमध्ये ती दिसते. पेम सर्टिफिकेटमध्ये तर सुरुवातीच्या बिगिनच्या ओळीआधी काहीही लिहा, वाचणाऱ्यानं त्यावर अडखळता कामा नये असं २०१५ च्या आरएफसी ७४६८ मध्ये लिहिलंय.

पण टेस्टसाठी यात मोठी गोची आहे. कॉमेंट फाइलच्या आत घातलीत की ती फाइलचा भाग झाली. पीएनजीमध्ये टेक्स्टचा तुकडा घातलात तर तुमच्या प्रोग्रामला आता तो तुकडाही वाचायचा आहे, म्हणजे तुम्ही वेगळीच फाइल तपासताय. आणि आमच्या आयएसओ ८५८३ सारख्या फॉरमॅटमध्ये तर कॉमेंटला जागाच नाही. म्हणून कॉमेंट बाइटांच्या *सोर्स*मध्ये हवी, बाइटांमध्ये नको.

"शेजारी रीडमी ठेवा ना, हाय काय नाय काय." इथे मला एक्सझेडची गोष्ट सांगावीच लागेल.

मार्च २०२४. पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंडच्या लक्षात आलं की त्याच्या डेबियन मशीनवर एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! आपण "नेट स्लो आहे" म्हणून सोडून दिलं असतं. त्यानं पिच्छा पुरवला आणि २९ मार्चला जगाला सांगितलं की एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा आहे. हा दरवाजा ठेवला कुठे होता? टेस्ट्सच्या फोल्डरमध्ये. दोन बायनरी टेस्ट फायलींत. त्यातल्या एकीचं नावच "बॅड-३-करप्ट-एलझेडएमए-२". करप्ट असणं हेच जिचं काम, तिच्याकडे संशयानं कोण बघणार? बिल्ड होताना त्या "करप्ट" फाइलमधले काही ठरावीक बाइट एकमेकांच्या जागी बदलले की ती साळसूदपणे उघडायची आणि आतून स्क्रिप्ट निघायची.

आणि गंमत बघा. त्या फोल्डरमध्ये रीडमी होतं! जिया टॅन या नावानं वावरणाऱ्या इसमानं २३ फेब्रुवारीला फायली टाकल्या, आणि या करप्ट फाइलचं वर्णनही दिलं: यात तीन स्ट्रीम आहेत, पहिली-तिसरी धड, मधली बिघडलेली. व्यवस्थित इंग्रजीत, मुद्देसूद. रीडमीच्या सुरुवातीला पूर्वीपासूनच असंही लिहिलेलं होतं की यातल्या बऱ्याच फायली हेक्स एडिटरनं हाताने बनवल्या आहेत, त्यामुळे त्या फायली हाच त्यांचा सोर्स कोड. हे मूळ लेखकानं प्रामाणिकपणे लिहिलं होतं, यात शंका नाही. पण नेमकी हीच पळवाट त्या भामट्याला मिळाली. ९ मार्चला त्यानं फायली बदलल्या, तेव्हा कारण काय दिलं? आधीच्या फायली माझ्या मशीनवरच्या रँडम डेटानं बनल्या होत्या, आता ठरावीक सीड वापरून पुन्हा बनवल्यात, म्हणजे पुढेमागे पुन्हा बनवता येतील. ज्या प्रोग्रामनं बनवल्या तो मात्र रेपॉझिटरीत नाही. कुणी मागितलाही नाही. आणि कळस म्हणजे ५.६.० मध्ये या फायली कुठल्याच टेस्टमध्ये वापरलेल्या नव्हत्या.

मी असं म्हणत नाही की कॉमेंट असती तर हा माणूस पकडला गेला असता. कॉमेंटमध्ये खोटं लिहिता येतंच. पण शेजारच्या फाइलमधलं वर्णन आणि बाइट यांचा एकमेकांशी काहीही बांधलेला संबंध नसतो, डब्यावर "साखर" लिहिलंय म्हणून आत साखर असते असं नाही. तीच फाइल टेक्स्ट असती, स्ट्रीमचा हेडर इथून इथवर, बिघडवलेला बाइट हा, तर मधला शेकडो बाइटांचा ढिगारा उघडा पडला असता. "हे काय आहे रे?" असं विचारायला निदान जागा मिळाली असती. माझ्या अप्रूव्हच्या पानावर ती जागा नव्हती, आणि त्यांच्याही नव्हती.

एक मुद्दा मात्र मी पूर्ण मान्य करतो. प्रत्यक्ष प्रॉडक्शनमधून पकडलेला डेटा, किंवा फझिंग करून सापडलेली क्रॅश करणारी फाइल, टेक्स्टमधून "लिहिता" येत नाही. ती आहे तशीच ठेवावी लागते. ठेवा. पण ती का ठेवली, कुठून आली हे लिहा, सोबत हॅश ठेवा, आणि शक्य तेवढी कापून लहान करा. लहान झाली की बहुतेक वेळा तिचं टेक्स्ट करणं जमतं. (आणि प्रॉडक्शनमधला डेटा असेल तर कार्ड नंबर आधी पुसा, प्लीज. यावर वेगळा लेख लिहीन, त्यात आवाज अजून चढलेला असेल. :-))

अजून एक सावधगिरी, कारण आमच्याकडे लगेच एक उत्साही प्रस्ताव आला: "वेगळं टूल कशाला? आपलाच एन्कोडर वापरून टेस्ट फायली बनवू." नको! तुमच्याच एन्कोडरनं बनवायचं आणि तुमच्याच डिकोडरनं वाचायचं, तर दोघांची समजूत एकसारखी चुकलेली असली तरी टेस्ट हिरवीच राहणार. टेक्स्टचे बाइट करणारं टूल मठ्ठ हवं. त्याला आयएसओ ८५८३ म्हणजे काय हे माहीतच नसावं. हेक्स, अवतरणातला मजकूर, कॉमेंट, लेबल, लांबी. बास.

राहिला "वेळ कुठाय?" हा राष्ट्रीय मुद्दा. त्यावर मी माझे दोन वीकएंड दाखवतो.

ता.क. फोल्डरमध्ये एकूण ५८ फायली होत्या. काल रात्रीपर्यंत २१ टेक्स्टमध्ये आणल्या, त्यातल्या बऱ्याच त्याच मुलीनं केल्यात, आणि कॉमेंट्स माझ्यापेक्षा चांगल्या लिहिते. उरलेल्यांपैकी चार फायली नक्की कशासाठी आहेत हे टीममध्ये कुणालाच सांगता येत नाही. सिअ‍ॅटलला मेल टाकलाय. या वेळी त्याच्या दिवसा.